सात ढिगांचं घर

पहिल्यांदा खोली बघायला गेले तेव्हा मला वाटलं, घरमालकीणबाई नारळाच्या व्यापारी असाव्यात. पडवीत भिंतीला लागून नारळांचे सात ढीग होते. काही मोठे, काही जेमतेम चार-पाच नारळांचे. खांदा दुखत होता म्हणून मी हातातली पिशवी एका ढिगावर टेकवली, तर आतून आवाज आला, "त्यावर नको गो, ती वीज आहे."

मी दचकून पिशवी उचलली आणि शेजारच्या ढिगावर ठेवली.

"ते दुखणं," आवाज म्हणाला. "खाली ठेव. जमिनीवर कुणाचं काही नाही."

मग त्या बाहेर आल्या. सगळी आळी त्यांना आत्या म्हणायची, मीही पुढे तेच म्हणू लागले. सत्तरीला टेकलेल्या, अंगानं काटकुळ्या, चालायला मात्र अशा की मागून येणाऱ्याला धाप लागावी. पायांत दोन वेगळ्या रंगांच्या चपला होत्या. मी बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं. "माझी उजवी आधी झिजते," त्या म्हणाल्या, "डावीनं काय पाप केलंय? तिला कशाला टाकायची?"

खोलीचं भाडं माझ्या आवाक्यातलं होतं. मासे मागच्या खोलीत रांधले तर चालतील, फक्त वास पुढे येता कामा नये, एवढी एकच अट. मी त्याच दिवशी सामान आणलं.

मुरुडला मी का आले होते ते सांगायला हवं, नाहीतर आत्यांनी माझ्यासाठी काय केलं ते कळायचं नाही. माझं गाव उरणच्या बाजूला, घर मिठागरावरचं. बाबांनी उभी हयात मीठ ओढलं. पुढे मिठागर गेलं, दादानं ट्रक घेतले, घराला मजला चढला. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. अर्थशास्त्रात एम.ए. केलं आणि मुरुडपासून एस.टी.नं पाऊण तासावरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले. तासिका तत्त्व म्हणजे जेवढे तास तेवढे पैसे, आणि ते पैसेही चार-पाच महिन्यांनी एकदम. कायमची नोकरी हवी तर पात्रता परीक्षा पास व्हायला हवी होती. दादाचं म्हणणं, एवढ्या पैशात आमचा क्लीनरही राहणार नाही. बाबा फारसं बोलले नाहीत, पण निघताना त्यांनी अट घातली.

"मिरगाला चाललीस. पुढच्या मिरगापत्तूर घरून एक रुपाया न मागता राहून दाखव. राहिलीस तर परीक्षा दे, तुला काय करायचं ते कर. नाय जमलं तर गपचूप घरी यायचं, नि मी सांगेन त्या स्थळाला हो म्हणायचं."

मी हो म्हटलं. अर्थशास्त्राची एम.ए. होते मी. मला वाटलं, त्यात काय एवढं.

आत्यांच्या वाडीत चाळीसेक माड होते. त्यांना तुटपुंजी पेन्शनही होती, पण ती बँकेत पडायची आणि पडूनच राहायची. "ती कौलांची आणि माझ्या मरणाची," असं त्या अगदी सहज सांगायच्या. घर चालायचं ते नारळांवर. गडी माडावर चढून नारळ उतरवून गेला की ते मागच्या खोपीत जायचे, आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्यातले मोजके नारळ पडवीत येऊन सात ढीग व्हायचे. चूल, वीज, दुखणं, येणं-जाणं, देव, लोक आणि गंमत. ढिगांवर नावं लिहिलेली नव्हती. त्यांच्या जागा ठरलेल्या होत्या, आणि पोस्टमनपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना त्या पाठ होत्या.

विजेचं बिल आलं की विजेचा ढीग विकायचा. औषध आणायचं तर दुखण्यातले दोन नारळ द्यायचे. ढीग संपला की त्या महिन्यापुरतं ते खातं संपलं. या ढिगातला नारळ त्या ढिगात कधीही जायचा नाही. संपलेल्या ढिगाची जागा आत्या लगेच झाडून स्वच्छ करायच्या आणि दिवसभरात दहा वेळा तिच्यासमोरून जायच्या.

मोहल्ल्यातले एक चाचा टेंपो घेऊन नारळ न्यायला यायचे. त्यांचं आणि आत्यांचं भांडण ऐकायला मी मुद्दाम पडवीत पेपर तपासत बसायची.

"आत्या, आज भाव चढलाय. सगळेच द्या ना."

"वीज ने. बाकीच्यांना हात लावू नको."

"अहो, पुढच्या आठवड्यात उतरेल भाव. तुमचंच नुकसान."

"भाव चढला म्हणून मी जास्त वीज जाळू का? आज वीज, पुढच्या आठवड्यात चूल. ने लवकर."

"अल्ला! दिल्लीला बजेट करतात त्यांना तुमच्याकडे शिकायला पाठवायला पाहिजे."

"पाठव की. पण जेवायचं त्यांचं ते बघतील. लोकांच्या ढिगात दोनच उरलेत."

चाचा फोनवर पैसे टाकतो म्हणाले तरी आत्यांना ते चालायचं नाही. "मला दिसत नाही ते. टुक वाजतं आणि गेलं. काय गेलं, किती गेलं, मागे किती उरलं? नारळ कसा, गेला की तिथे भोक दिसतं."

माझे पहिले चार महिने ट्यूशन घेऊन साठवलेल्या पैशांवर निघाले. दसऱ्याच्या सुमाराला पहिला पगार आला, चार महिन्यांचा एकदम. फोनवर तो आकडा बघून मला भरून आलं. आईला साडी पाठवली, स्वतःला दोन ड्रेस घेतले, एक चांगला फोन घेतला, मैत्रिणींना अलिबागला जेवायला नेलं. बाकी सगळं गरजेचंच घेत होते, म्हणजे मला तसं वाटत होतं. पार्सल घेऊन येणारा मुलगा आठवड्यातून तीनदा दारात उभा राहायचा. एक दिवस आत्या त्याला म्हणाल्या, "बाबा रे, एवढ्या चकरा मारतोस, त्यापेक्षा इथेच राहा. वरची खोली रिकामी आहे." तो हसत गेला. आत्या मात्र हसत नव्हत्या.

"किती उरलेत?"

मी फोन उघडून सांगितलं. तीन आठवड्यांत निम्म्याहून जास्त गेले होते, आणि पुढचा पगार कधी येईल ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"काय शिकवतेस गो तू कॉलेजात?"

"अर्थशास्त्र," मी म्हणाले, आणि मान खाली घातली. तेव्हापासून मूड चांगला असला की त्या मला 'अर्थशास्त्र' म्हणूनच हाक मारायच्या. "या अर्थशास्त्र, चहा झालाय."

त्याच संध्याकाळी त्यांनी सात करवंट्या घासून, काथ्यानं गुळगुळीत करून माझ्या फळीवर ओळीनं मांडल्या. मला नारळ नव्हते, म्हणून माझे ढीग नोटांचे. बँकेतून महिन्यापुरतेच पैसे काढायचे आणि करवंट्यांत वाटायचे. भाडं, जेवण, एस.टी., फोन, दुखणं, परीक्षा, गंमत. करवंटी रिकामी झाली की ती पालथी घालायची. "उताणी ठेवलीस तर वाटतं, असेल काहीतरी आत," आत्या म्हणाल्या. "पालथी दिसली की मन गप्प बसतं."

मला त्यातली शेवटची करवंटी पटत नव्हती. पैसे एवढे कमी, त्यात गंमत कशाला? मी दोन महिने गमतीचे पैसे गुपचूप परीक्षेच्या करवंटीत टाकले. तिसऱ्या महिन्यात आत्यांनी पकडलं, आणि त्या खरोखर चिडल्या.

"गमतीचा नारळ शिल्लक राहिला तर महिना वाया गेला, कळलं? उपाशी मन एक दिवस सगळं ताट खाऊन टाकतं. उठ, चप्पल घाल."

आम्ही एस.टी.त बसून आगरदांड्याला गेलो. बायकांना अर्धं तिकीट, तेही त्यांनी नीट घडी घालून पाकिटात ठेवलं. जेटीवरून दिघीला जाणाऱ्या बोटीचं तिकीट काढलं, दहा रुपयांचे शेंगदाणे घेतले, आणि आम्ही गाड्यांच्या मागे, कठड्याला टेकून उभ्या राहिलो. मला वाटलं, दिघीला त्यांचं कुणी असेल. बोट लागली, गाड्या उतरल्या, माणसं उतरली. आत्या जागच्या हलल्या नाहीत.

"उतरायचं ना?"

"कशाला? दिघीला माझं कोण आहे?" त्या दुसऱ्या बाजूच्या कठड्याला जाऊन उभ्या राहिल्या. "जाताना तो डोंगर बघायचा, येताना हा. पस्तीस वर्षं ऑफिसात टेबलामागे बसले गो. कुठेही पोचायचं नाही, म्हणजे केवढी चैन!"

वाऱ्यानं त्यांचा पदर फडफडत होता, आणि त्या शेंगदाण्याची सालं फुंकून खाडीत उडवत होत्या. एखाद्या लहान मुलीसारख्या. घरी आल्यावर त्यांनी गमतीच्या ढिगाची जागा झाडून काढली, समाधानानं.

आत्यांचं सगळंच मला पटायचं असं नाही. महिन्याच्या शेवटच्या दिवसांत साखर संपली की त्या बिनसाखरेचा चहा प्यायच्या आणि आल्या-गेल्यालाही तोच द्यायच्या. मला लाज वाटायची. शेजारची मुलगी एकदा वाटी घेऊन साखर मागायला आली, तर आत्या म्हणाल्या, "साखर चुलीतली. चूल संपली. हा घे, लोकांतला एक नारळ ने." ती पोर नारळ घेऊन बावरून परत गेली. आळीत हा विनोदच झाला होता, साखर मागा, नारळ मिळेल. पण त्या पोरीच्या आईनं तो नारळ विकला असेल तर त्यात अर्धा किलो साखर नक्की आली असेल, हे मला फार उशिरा सुचलं.

त्या अशा का झाल्या, ते मला एका चुकीमुळे कळलं. चूक माझीच.

जानेवारीत आत्यांना ताप भरला. त्या महिन्यात दाढ काढल्यामुळे दुखण्याचा ढीग आधीच संपला होता. खोपीत पन्नास-साठ नारळ पडलेले, पण ते पुढच्या महिन्याचे. त्यांना हात लावायला त्या तयार नव्हत्या. मी पैसे देते म्हटलं तर तोंड फिरवून झोपल्या. मग मला एक शक्कल सुचली. बाजारात जाऊन चार नारळ आणले आणि दुखण्याच्या जागी ठेवून दिले. तापात त्यांना कुठे आठवणार, असं मला वाटलं.

दुपारी त्या भिंत धरत पडवीत आल्या. ढिगाकडे बघितलं. खाली बसल्या, एक नारळ उचलून फिरवला, देठावरून बोट फिरवलं.

"हा कुठला?"

"आपलाच, आत्या. तुम्हीच ठेवले असतील."

"आपला नारळ लांबट. हा बघ, लाडवासारखा गोल. आणि देठ कोयत्यानं छाटलाय. आपला गडी पिळून काढतो." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ढिगात खोटं घातलंस गो तू."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी बोट करून कुंपणाच्या पलीकडचा लॉज दाखवला. पोहायचा निळा हौद, प्लास्टिकच्या खुर्च्या, मुंबईची पोरं गाणी लावून बसलेली.

"तिथे आमचे अकरा माड होते. मी घालवले. दारूबिरूत नाही हो, चांगल्या-चांगल्या गोष्टींत. साड्या, भाचरांना भेटी, हप्त्यावर टीव्ही, हप्त्यावर कपाट. पगार झाला की मी राणी. वीस तारखेला वाण्याकडे तोंड लपवायची. दर वेळी वाटायचं, असतील अजून. मग आई पडली अंथरुणाला, आणि बघते तर काहीच नव्हतं. तेवढा तुकडा विकला तेव्हा तिचं औषध आलं. तिला ते कळलं होतं. शेवटपर्यंत ती खिडकीतून त्या बाजूला बघायची नाही."



"लोक म्हणतात, म्हातारी मनाची घट्ट. अगो, मी जन्माची उधळी. ज्याचा मनावर ताबा असतो त्याला ढीग कशाला लागतील? माझा नाही, म्हणून हे." त्यांनी चारही नारळ माझ्या ओटीत टाकले. "संपलं असेल तर संपलेलं दिसलं पाहिजे. परत देऊन ये."

दुकानदारानं कुरकुर करत नारळ परत घेतले. आत्या दुसऱ्या दिवशी माझा हात धरून सरकारी दवाखान्यात चालत गेल्या, केसपेपर काढला, गोळ्या घेतल्या, आणि बऱ्या झाल्या. मी मात्र त्या दिवसापासून करवंट्यांकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागले. तोवर मी आत्यांचं ऐकत होते. आता मला ते माझ्यासाठी करायचं होतं.

नऊ महिने असे निघाले. मधे एकदा पगार आला, तो मी महिन्या-महिन्यांत नीट तोडून ठेवला. एकदा फोन तीन दिवस बंद राहिला, पण घरी मी एक रुपयाही मागितला नाही. परीक्षेच्या करवंटीत अर्जाच्या फीपुरते पैसे जमले, आणि अर्जाची शेवटची तारीख दहा दिवसांवर आली.

तेव्हा बाबांचा फोन आला. "काशीदला पोचलोय. दादा हाय संगती. अर्ध्या घंट्यात येतो."

आमच्याकडे पाहुणा आला की ताटात मासा लागतो, आणि तोही साधासुधा चालत नाही. त्यात मला दाखवायचं होतं की मी सुखात आहे. जेवणाच्या करवंटीत भाजीपुरते पैसे होते. मी फळीसमोर उभी राहिले, आणि परीक्षेची करवंटी उचलून पर्समध्ये रिकामी केली. बंदरावर धावत गेले आणि सुरमई आणली. परतताना आत्या अंगणात होत्या. त्यांनी पिशवीकडे बघितलं.

"कुठल्या करवंटीतली?"

मी भरभर मागच्या खोलीत गेले.

बाबा आणि दादा जेवायला बसले. बाबांनी तुकडा मोडला, काटा बाजूला काढला, निवांत चावला.

"ताजी हाय. कवढ्याला दिली?"

मी किंमत निम्म्यानं कमी करून सांगितली. दादा फसकन हसला. बाबांचा हात ताटातच थांबला.

"तेवढ्यात बांगडा पन नाय येत, पोरी. मला मासा शिकवतेस?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "उधारी किती झाली?"

"उधारी नाही, बाबा."

"मंग कोन देतंय?"

"कुणी नाही."

"तासाच्या पगारात सुरमई येत नाय. आनि तू माझ्याशी खोटं बोललीस." ते उठले, हात धुतले. "सामान बांध. मिरीग बघायची गरज नाय."

दादानं लगेच गाडीची किल्ली काढली. मी तिथेच बसून राहिले. नऊ महिने एका माशात गेले होते, आणि बाबा चुकत होते असंही मला म्हणता येत नव्हतं. खोटं मी बोललेच होते.

"अहो, जाण्याआधी जरा इकडे या," दारातून आत्या म्हणाल्या. इतके महिने त्या मागच्या खोलीत मासे शिजत असताना कधी पाऊल टाकत नसत. नाकाला पदर लावून त्या सरळ फळीपाशी गेल्या. "हे बघा. हे भाडं. ही एस.टी. हे दुखणं, चार महिन्यांचं शिल्लक, पोरगी आजारी पडली नाही. आणि ही परीक्षा." त्यांनी रिकामी करवंटी बाबांसमोर पालथी घातली. "ही उधारी नाही. ही चोरी आहे. तिनं स्वतःच्याच घरात केली, तुमच्या ताटासाठी. नऊ महिन्यांत पहिली."

बाबा करवंट्यांकडे बघत राहिले. एक एक उचलून आत बघितलं. मग पडवीत आले आणि नारळांसमोर उभे राहिले.

"ह्या राशी कसल्या?"

आत्यांनी बोट दाखवत सांगितलं. चूल, वीज, दुखणं.

"आमच्या आगरावर पन व्हत्या," बाबा म्हणाले. "मिठाच्या. एक शेटची, एक मजुरीची. आनि एक कडेला, बांध फुटंल त्याची. भरतीला बांध फुटला तर माती टाकायला मानसं लागतात ना. तिला कुनी हात लावायचा नाय."

"कधीच नाही लावला?"

"एकदा लावला." बाबांनी दादाकडे मान वळवली. "ह्याच्या बारशाला. गाव जेवला. त्याच साली बांध फुटला."

दादा किल्ली फिरवायची थांबला. आत्या हसल्या, बाबाही हसले, आणि दोघं पडवीच्या पायरीवर बसले. मिठाचं पाणी केव्हा सोडतात, रास कशी शाकारतात, असलं काय काय आत्यांनी विचारून घेतलं. मी आत भांडी घासत ऐकत होते. कुणीच सामानाचं नाव काढत नव्हतं.

शेवटी बाबांनी खिशात हात घातला. "फारमचे किती, सांग. भरून टाकू."

"देऊ नका," आत्या म्हणाल्या.

"अवो, माझ्याच पायी गेले ना?"

"तुमच्या पायी नाही, तिच्या हातानं गेले. आता तुम्ही दिलेत तर मिरगाला ती जिंकेल की हरेल, तुम्हीच सांगा."

बाबांचा हात खिशातच राहिला. मीच मग आतून बाहेर आले. "आत्या, मागे झावळ्यांचा ढीग पडलाय. हीर काढून खराटे केले तर?"

"झावळ्या माझ्या, मेहनत तुझी. निम्मे निम्मे," आत्या तात्काळ म्हणाल्या. आपल्या निम्म्यातलं त्या काही सोडणार नाहीत हे मला माहीत होतं.

मी कोयता घेऊन मागे गेले. थोड्या वेळानं बाबा सदरा काढून माझ्यासमोर येऊन बसले. पात्याला बारीक चीर देऊन हीर, म्हणजे पात्यामधली काडी, ओढायची, ती तासायची, जुडी बांधायची. मिठानं त्यांची बोटं कायमची चिरलेली आहेत. त्या बोटांनी ते माझ्या दुप्पट वेगानं ओढत होते. दादानं गाडीत बसून दोनदा हॉर्न दिला. बाबा म्हणाले, "त्याला सांग, बॅटरी उतरंल." ऊन कलेपर्यंत आमचे चौदा खराटे झाले.

निघताना बाबा म्हणाले, "चवदाच्या चवदा मी घेतो. घरी लागतील, गॅरेजला लागतील."

"दोन," आत्या म्हणाल्या. "एका घराला दोन पुरतात. आणि बाजारभावानं."

बाबांनी दोन खराट्यांचे पैसे मोजून माझ्या हातात ठेवले, आणि खराटे स्वतःच उचलून गाडीत मागे ठेवले. दादा नव्या सीटवर कचरा पडेल म्हणून कुरकुरत होता.

उरलेले खराटे मी काशीदच्या लॉजवर नेले. पहिल्या दोन दारांत नको म्हणाले. तिसऱ्या ठिकाणी एका बाईनं चार घेतले आणि अजून आणशील का विचारलं. मी आणले. कॉलेजहून आले की रोज झावळ्यांपुढे बसायची. आत्यांचा निम्मा वाटा देऊनही फी भरली, शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी. फॉर्म भरल्याचा कागद मी आत्यांना दाखवला. त्यांनी तो उलटून पालटून बघितला आणि म्हणाल्या, "नीट ठेव. आणि अंगण झाडून घे, तुझ्याच हिरांचा कचरा आहे."

मी आज कायमच्या नोकरीत आहे, दुसऱ्या जिल्ह्यात. माझ्या पगाराला आता मोठे आकडे आहेत आणि माझ्या फळीवर अजून सात करवंट्या आहेत. माझे सहकारी त्यांना शोभेच्या वस्तू समजतात. मला शिकवणारे बरेच जण होते, त्या सगळ्यांची मी ऋणी आहे. पण गरिबीची लाज बाळगू नये आणि पैशाचा माज करू नये, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाकडून शिकायला मिळणं दुर्मीळ. तो माणूस मला एका दोन रंगी चपलांच्या बाईत भेटला.

त्या वर्षी परीक्षा मे महिन्याच्या अखेरीला होती, केंद्र मुंबईला. मिरगाला अजून आठ-दहा दिवस होते. परीक्षेच्या चार दिवस आधी बाबांचा फोन आला. स्थळाचं काही बोलले नाहीत. जेवलीस का, पाणी कसं आहे, असलं विचारून झालं, आणि मग म्हणाले, "पेपर कवा हाय तुझा?"

बाबांनी माझ्या कुठल्याही पेपरची तारीख त्याआधी कधी विचारली नव्हती. दहावीचीही नाही. मी सांगितली.

"मी येतो न्यायला. आदल्या दिशी. एस.टी.त धक्के खाऊन काय लिवशील?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "डिझेल माझं लागंल. तुझ्या म्हातारीला विचार, चालंल का."

आत्या विहिरीवर होत्या. मी फोन हातात धरूनच विचारलं. त्यांनी कळशी खाली ठेवली, पदराला हात पुसत विचार केला. फोनवर बाबा वाट बघत होते, मला त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"चालेल म्हणावं," आत्या म्हणाल्या. "येताना मात्र तू एस.टी.नं ये."